डॅशबोर्डची हजेरी

बाळांनो, जरा सरकून बसा आणि माझ्याबरोबर एका गाडीत चढा. गाडी मनातली आहे, त्यामुळे जागा सगळ्यांना पुरेल. फक्त दार जोरात ओढू नका, माझ्या गाडीचं दार मनातसुद्धा निखळतं. आता समोर बघा. काचेखाली ती काळी लांबलचक फळी दिसते ना, जिच्यावर कुणी गणपती ठेवतं, कुणी टॉवेल, कुणी अर्धवट खाल्लेलं बिस्किट? तिला डॅशबोर्ड म्हणतात. आता डोळे मिटा आणि ती फळी तिथे नाहीच अशी कल्पना करा. तिच्या जागी नुसत्या वायरी आहेत, लाल, पिवळ्या, हिरव्या. सुगरणीनं घरटं विणायला घ्यावं आणि मधेच तिचं संसारातून मन उडावं, तशा. स्टिअरिंग एकटंच उभं आहे, मागचा फळा काढून नेलेल्या मास्तरासारखं. आणि या सगळ्याच्या मधोमध सदुसष्ट वर्षांचा एक माणूस हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला आहे, आणि सगळ्यांत आधी काय काढलं होतं हे त्याला आठवत नाही.

उघडा डोळे. तो माणूस मी.

मी जव्हारला राहतो. चौतीस वर्षं शिक्षक होतो. निवृत्त झालो, पण सवय निवृत्त होत नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस माझ्या छोट्या निळ्या गाडीतून साखरशेतला जातो आणि तिथल्या मुलांना शिकवतो. त्या मुलांत चैती नावाची मुलगी आहे, पाचवीतली. भिका नावाच्या शेतकऱ्याची ही मुलगी. भात आणि नाचणी निघाली की भिका भिवंडीला गोदामात हमालीला जातो. चैती कमी बोलते आणि जास्त बघते. अशी मुलं शिक्षकाला जड जातात, कारण बोलणाऱ्या मुलाला उत्तर देता येतं, बघणाऱ्याला काय देणार?

तर या चैतीला मी वर्षभर शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तयार केलं होतं. शाळेतून परीक्षेला बसणारी ती एकटीच. परीक्षा रविवारी, अकरा वाजता, मोखाड्याला. आम्हाला जव्हार जवळ, मग केंद्र मोखाडा का? मला ठाऊक नाही, मुख्याध्यापकांना ठाऊक नाही, ज्यांनी दिलं त्यांनाही बहुधा ठाऊक नसावं. पण एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. पाचवीची परीक्षा पाचवीतच होते. हा रविवार चुकला की चैतीची परीक्षा चुकली, कायमची.

शुक्रवारी दुपारी मुख्याध्यापकांनी तिच्या हातात प्रवेशपत्र दिलं. त्यावर तिचा फोटो, नाव, बैठक क्रमांक. दोन दिवस ती आमच्याच घरी राहणार होती, म्हणून मी तिला गाडीत घेतलं. ती प्रवेशपत्र वहीत ठेवायला लागली.

"दे इकडे," मी म्हणालो. "वहीत चुरगळेल."

"नाही चुरगळत, गुरुजी. पुठ्ठ्याची वही आहे."

"लहान मुलांच्या हातून कागद हरवतात, चैती. मोठ्यांकडे दिलेला बरा."

मी तो कागद डॅशबोर्डवर ठेवला, छान सपाट, फोटो वर. चैतीनं त्या कागदाकडे बघितलं, काच आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या फटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या फटीतून काचेवर गरम हवा येते. निदान गाडी नवी होती तेव्हा यायची.

पुढच्याच उतारावर, वळणाला, प्रवेशपत्र शांतपणे सरकलं आणि टपालपेटीत पत्र पडावं तसं त्या फटीत गेलं.

"गुरुजी, गेलं," चैती म्हणाली.

"कुठे जाणार?" मी म्हणालो. "गाडीतच आहे."

हे शंभर टक्के खरं होतं. पुढचा दीड दिवस माझ्याजवळ एवढं एकच सत्य उरणार होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी शास्त्रशुद्ध प्रयत्नांना सुरुवात केली. आधी परकराची नाडी ओवायची सळी घेतली. ती फटीत शिरली, पण पुढे वाकली आणि भलत्याच ठिकाणी काहीतरी टोचून परत आली. मग फूटपट्टीच्या टोकाला डिंक लावला. कागद डिंकाला चिकटतो हा प्रयोग मी चौथीला बावीस वेळा करून दाखवलेला आहे. त्या दिवशी पट्टी आतल्या कशाला तरी चिकटली आणि सुटेना. ओढली तर डिंक तसाच राहिला आणि पट्टी हातातून निसटून आत गेली. आता आत प्रवेशपत्र आणि एक फूट पट्टी असे दोघे होते.

माझी पत्नी रंजना अंगणात तुळशीला पाणी घालत होती. ती म्हणाली, "आता कंपासपेटीतलं बाकीचंही टाका. पोरीला आतच पेपर लिहू द्या."

चैतीनं सुचवलं, "गुरुजी, शाळेतून दुसरं छापून आणू या का?"

मूल योग्य प्रश्न विचारतं तेव्हा शिक्षकानं कौतुक करावं. मी कौतुक केलं आणि मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, छापायला काहीच हरकत नाही, संकेतस्थळावर शाळेच्या नावानं आत जायचं की झालं. फक्त आत जाताना एक आकडा मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल आधीच्या मुख्याध्यापकांचा आहे. ते बदलून गेले, पण त्यांचा नंबर बदलून गेला नाही. नंबर बदलण्याचा अर्ज पावसाळ्यापूर्वीच केला आहे.

"मग त्यांना विचारा ना आकडा."

"विचारलं असतं, गुरुजी. ते शनिवार-रविवार शेतावर असतात. तिथे बांधावरच्या आंब्याखाली उभं राहिलं तरच रेंज येते."

"मग ते आंब्याखाली कधी येतात?"

"ऊन झालं की."

मुख्याध्यापकांनी आकडा मागवून ठेवला आणि मी आधीच्या मुख्याध्यापकांना अकरा वेळा फोन लावला. शनिवारी दिवसभर ढगाळ होतं.

इथे माझे शेजारी हेमंतराव गोष्टीत येतात. ते एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांना करमत नाही, कारण घरी कुणी अर्ज घेऊन येत नाही. माझी अडचण ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"सोपं आहे, गुरुजी. प्रवेशपत्र हरवल्याचा दाखला घ्यायचा, तो जोडून दुय्यम प्रतीसाठी अर्ज करायचा. मी मसुदा करतो." त्यांनी खिशातून पेन काढलं, 'विषय' लिहिलं, त्यापुढे दोन टिंबं दिली आणि थांबले. "पण गुरुजी, एक अडचण आहे. ते हरवलेलं नाही."

"म्हणजे?"

"कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे. हरवलं असं लिहिलं तर खोटं होईल. 'दिसत नाही' असा दाखला कुणी देत नाही."

"मग मिळत नाही असं लिहा."

"मिळू शकतं की. गाडी फोडली तर." त्यांनी पेन परत खिशात ठेवलं. "नियमानं आधी सगळे उपाय संपायला हवेत."

मग गॅरेजवाल्याला फोन केला. तो चुलतभावाच्या हळदीला विक्रमगडला होता. मागे ढोल इतक्या जोरात वाजत होता की मला फक्त दोनच गोष्टी ऐकू आल्या, 'डॅशबोर्ड उतरवायला' आणि 'सोमवारी'. पहिली गोष्ट मार्ग होती, दुसरी भिंत.

"एवढंच ना?" हेमंतराव म्हणाले. "आपणच उतरवू. त्यात काय, चार स्क्रू तर असतात."

बाळांनो, एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. जो माणूस 'त्यात काय' म्हणतो, तो स्वतःच्या गाडीबद्दल बोलत नसतो.

पण मलाही हुरूप आला. चौतीस वर्षं मी कार्यानुभवाचा तास घेतला आहे. काडेपेट्यांचं घर केलं, नारळाच्या करवंटीचा दिवा केला, एकदा तर पाण्यावर न तरंगणारी बोटसुद्धा केली. हेमंतरावांनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यातला तरुण हिंदीत म्हणत होता, "बस, हल्का सा खींचिए," आणि त्याच्या हातात अख्खा डॅशबोर्ड येत होता. त्याची गाडी आमच्या गाडीपेक्षा दुप्पट मोठी होती. हेमंतरावांच्या मते तत्त्व एकच असतं.

मी पद्धतशीर माणूस आहे. आधी बॅटरीची तार सोडवली. मग रंजनाच्या नकळत स्वयंपाकघरातून सूप आणलं. सुटणारा प्रत्येक स्क्रू सुपात ठेवायचा आणि त्याच्याखाली कागदाच्या चिठ्ठीवर त्याचं नाव लिहायचं, अशी योजना होती.

"नाव कशाला, गुरुजी?" चैतीनं विचारलं. "नंबर द्या की."

"नंबर दिला की स्क्रू परका होतो. नाव दिलं की तो आपल्या वर्गातला होतो, आणि वर्गातलं मूल कुठे बसतं हे शिक्षक विसरत नाही."

मी माझ्या जुन्या हजेरीपुस्तकातली नावं काढली. सामानाच्या खणाचे चार स्क्रू चटकन सुटले. ते हौशी, सोनी, माघी आणि रुपी, पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुली. स्टिअरिंगखालचा एक गंजलेला स्क्रू काही केल्या सुटेना. त्याला माघ्या म्हटलं. हा माघ्या पहिलीत रोज दाराची चौकट धरून रडायचा, तिघांनी ओढला तरी सुटायचा नाही. प्लॅस्टिकच्या काळ्या बारीक खुंट्या निघाल्या, त्या अकरा होत्या. त्यांना नावं दिली नाहीत. ती बालवाडी.

चैती चिठ्ठ्या लिहीत होती. अक्षर सुंदर. हेमंतराव बाहेर उभे राहून, "सांभाळा हं, आतला फुगा फुटतो, माणूस आडवा होतो," असं दर दहा मिनिटांनी सांगत होते. माझ्या गाडीत एअरबॅगचा तो फुगाच नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मलाच शंका आली, आणि त्यानंतरचे सहा स्क्रू मी डोळे मिटून काढले.

दुपारी एकच्या सुमाराला एकूण एकोणतीस विद्यार्थी आणि बालवाडी सुपात हजर होती. मी आणि हेमंतरावांनी डॅशबोर्ड दोन्ही बाजूंनी धरला. हलका सा खींचला. तो हलला नाही. मग हेमंतरावांनी हलका हा शब्द सोडून बाकीची सगळी ताकद लावली. 'कट्ट' असा आवाज झाला. तो आवाज कशाचा होता हे आजतागायत कळलेलं नाही. डॅशबोर्ड बाहेर आला, आणि त्याच्यामागून शंभर वायरी आम्हाला बघायला बाहेर आल्या.

आत एका जाड काळ्या नळीवर उंदरानं घर केलं होतं. कापूस, भाताचा पेंढा, कुठल्याशा विडीच्या बंडलाचा कागद, आणि त्यावर अंथरलेलं आमचं प्रवेशपत्र. उंदीर घरी नव्हता. शेजारी माझी फूटपट्टी आडवी पडली होती, जणू त्या घराचा उंबरठा.

चैतीनं कागद उचलला. नाव होतं, बैठक क्रमांक होता. फोटोच्या जागी मात्र कुरतडलेलं गोल भोक होतं.

"माझं तोंड खाल्लं," ती म्हणाली. "नंबर ठेवला."

"नंबर महत्त्वाचा," मी घाईनं म्हणालो.

तेवढ्यात साखरशेतहून भिका आणि त्याची आई, पारूआजी, आले. उद्या नातीची परीक्षा म्हणून आजी पिशवीभर नाचणी घेऊन आली होती. रंजनानं सगळ्यांना आत जेवायला बोलावलं. कागद सापडला होता, पोटात कावळे ओरडत होते, आणि मनुष्य अशाच वेळी बेसावध होतो. आम्ही सगळे जेवायला बसलो. पारूआजी म्हणाली, मी वाटेत भाकर खाल्ली, मी बसते अंगणात.

जेवून बाहेर आलो. पारूआजी सूप घेऊन ओट्यावर बसली होती. सूप स्वच्छ होतं. कडेला स्क्रूंचा एक लहानसा ढीग होता. एकही चिठ्ठी नव्हती.

"आजी, हे काय केलं?"

"काय नाय, गुरुजी. सुपात पार कचरा व्हता. कागदाचं तुकडं, काळा काळा काय तं भूस. मी पाखडून ठेवला." आजीनं अभिमानानं ढीग दाखवला. "लोखंड काय उडाला नाय. तठंच हाये समदा."

बाळांनो, सूप कसं काम करतं हे मी तुम्हाला दुसरीत शिकवलं आहे. जड मागे राहतं, हलकं पुढे उडतं. आजीच्या हातात पन्नास वर्षांची कला होती. चिठ्ठ्या उडाल्या होत्या. बालवाडी अंगणभर पसरली होती, आणि तिच्यातले दोन विद्यार्थी एका कोंबडीनं माझ्यासमोर गिळले. उरले एकोणतीस स्क्रू, सगळे एकमेकांच्या अंगावर, सगळे एकसारखे.

"म्हातारे, ते गुरुजींच्या गाडीचं सामान होतं," भिका कळवळून म्हणाला.

"मग सुपात कशाला ठेवला? सुपात दाणं ठेवतात."

रंजना दारात उभी होती. "आजी बरोबर बोलतायत," ती म्हणाली, "आणि सूप माझं आहे."

मी ढिगाकडे बघत बसलो. चौतीस वर्षांत माझ्या वर्गातून एकही मूल हरवलं नव्हतं. आता अख्खा वर्ग समोर होता, पण हौशी कोण आणि रुपी कोण हे मला सांगता येत नव्हतं. फक्त माघ्या ओळखू आला, गंजावरून.

मग सुरू झालं बसवणं. काढलेलं परत बसवणं म्हणजे तोच पाढा उलटा म्हणायचा, असं मी समजत होतो. सतराचा पाढा उलटा म्हणून बघा, म्हणजे कळेल. वायरींच्या टोकांना पांढऱ्या डब्या होत्या, काही जोडल्या गेल्या, काही जागा शोधत फिरल्या. एक हिरवी वायर मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी लावून पाहिली. तिन्ही ठिकाणी ती तितकीच समाधानी दिसली. हेमंतराव म्हणाले, "ही फाइल बहुतेक दुसऱ्या टेबलाची आहे." भिका म्हणाला, "गुरुजी, भिवंडीला आमचा शेठ बोलायचा, जो नहीं लगता वो जरूरी नहीं." अंधार पडला तेव्हा डॅशबोर्ड एका बाजूला बसला होता आणि दुसऱ्या बाजूला उभा होता.

रविवारी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात केली. साडेसातला भिका दबक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, आठची यष्टी हाये मोखाड्याला. जाऊ का आम्ही दोघं?"

इथे शहाण्या माणसानं हो म्हणायला हवं होतं. पण मी चैतीला वर्षभर सांगत होतो की परीक्षेला मी स्वतः नेईन. शिवाय कागद मी घालवला होता. मी म्हणालो, "भिका, गाडी तयारच आहे. दोनच स्क्रू उरलेत."

आठची एसटी आमच्या डोळ्यांदेखत गेली. चैतीनं ती वळणापर्यंत बघितली.

नऊ वाजून वीस मिनिटांनी दोन नाही, नऊ स्क्रू उरले. मी हजेरी घेतली. हजर वीस, नऊ जणांना वर्गच नाही. "कंपनी जास्तीचे देते," हेमंतराव म्हणाले, "स्टेशनरीसारखे." बालवाडी तर जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे डॅशबोर्डची उजवी बाजू धरायला कुणीतरी हवं होतं. पण उजवीकडे मी बसणार, म्हणून डावीकडचे स्क्रू काढून उजवीकडे लावले, आणि डावी बाजू भिकाच्या हवाली केली. तो पुढच्या सीटवर बसला आणि देवाची पालखी धरावी तसा दोन्ही हातांनी त्यानं डॅशबोर्ड धरला. चैती मागे. प्रवेशपत्र? ते मी माझ्या खिशात ठेवलं. चैतीनं परत तसंच बघितलं.

बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली! रंजनानं टाळी वाजवली. मग लक्षात आलं की चारही बाजूंचे पिवळे दिवे आपोआप लुकलुकताहेत आणि थांबत नाहीत. कुठलंही बटण दाबलं तरी थांबेनात. हॉर्न दाबला तर काचेवरचा वायपर एकदा इकडून तिकडे गेला आणि नमस्कार करून परत आला. वेगाचा काटा शून्यावर होता.

"चला," मी म्हणालो. "हळूच जाऊ."

"किती हळू, ते कळणार कसं?" हेमंतरावांनी बाहेरून विचारलं. पण तोवर आम्ही निघालो होतो.

जव्हार ते मोखाडा रस्ता तुमच्या ओळखीचा आहे. वळणं, चढ, उतार, परत वळणं. प्रत्येक वळणाला भिका डॅशबोर्डसकट माझ्याकडे झुकायचा आणि परत जायचा. "टेन्शन नका घेऊ, गुरुजी. टाईट पकडलाय." त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. मागून चैतीनं आपल्या रुमालानं पुसला.

लुकलुकत्या दिव्यांमुळे समोरची वाहनं बाजूला होऊ लागली. सायकलवाले उतरून उभे राहिले. एका म्हातारबाबानं टोपी काढली. मला आधी बरं वाटलं, मग वाटलं की हे लोक आपल्याला नक्की काय समजताहेत? उत्तर लवकरच मिळालं. मागून माणसांनी भरलेला एक टेम्पो आमच्यामागे लागला होता. मी हळू केलं की तो हळू करायचा. अखेर एका सपाटीवर तो शेजारी आला आणि फेटा बांधलेल्या एका माणसानं खिडकीतून डोकं काढलं.

"ओ पाव्हणं, नवरा कुठाय?"

"कोणाचा?"

"आपलाच की! ही लुकलुक गाडी नवऱ्याची ना? आम्ही पाऊण तास तुमच्या मागं येतोय!"

"आम्ही परीक्षेला चाललोय," मी ओरडलो.

त्यानं भिकाकडे बघितलं. भिका नवरदेवासारखाच ताठ, घामाघूम, दोन्ही हात पुढे. "मग याला का धरून बसवलाय?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, अख्खं वऱ्हाड वळून परत गेलं. त्या लग्नाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही केंद्राच्या फाटकाशी होतो. भिका गाडीतच बसून राहिला, कारण त्यानं हात सोडले असते तर आम्हाला परत घरी जाता आलं नसतं. मी आणि चैती आत गेलो. व्हरांड्यात टेबलाशी केंद्रसंचालक पुष्पाबाई बसल्या होत्या. करड्या केसांच्या, चष्मा नाकावर. मी खिशातून प्रवेशपत्र काढून दिलं. त्यांनी ते डोळ्यांपुढे धरलं आणि त्यातल्या भोकातून माझ्याकडे बघितलं.

"फोटो?"

"बाई, तो उंदरानं..."

"उंदरानं?"

"डॅशबोर्डमधल्या. त्याचं असं झालं, की शुक्रवारी उतारावर..."

"गुरुजी, अकराला दहा मिनिटं आहेत. या मुलीची ओळख कोण पटवणार?"

"मी! वर्षभर मी शिकवलंय तिला. मी शिक्षक आहे."

"कुठल्या शाळेत?"

मी म्हणालो, "निवृत्त आहे."

"निवृत्तांची सही चालत नाही," त्या म्हणाल्या. वाईट हेतूनं नाही, पण म्हणाल्या. चौतीस वर्षं मी ज्या कागदावर सही केली तो चालला. आज माझ्या सहीपेक्षा उंदराच्या दातांना वजन जास्त होतं. "मुख्याध्यापकांना फोन लावा."

मी लावला. मुख्याध्यापक उचलेनात. आधीच्या मुख्याध्यापकांना लावला. का लावला, मला माहीत नाही. पण रविवारी ऊन पडलं होतं, आणि ते आंब्याखाली होते! ते आनंदानं म्हणाले, "गुरुजी, आकडा पाहिजे ना? आलाय, सांगू?" मी म्हणालो, आता आकडा नको, ओळख पाहिजे. ते म्हणाले, कोणाची? मी म्हणालो, चैतीची. ते म्हणाले, ती पाचवीत गेली का? आमचं हे असं चाललं असताना पुष्पाबाई नियमांचं पुस्तक चाळू लागल्या. शिपाई म्हणाला, गेल्या वर्षी एकाचं प्रवेशपत्र भिजलं होतं. दुसरे एक शिक्षक म्हणाले, भिजणं वेगळं, खाणं वेगळं. मी म्हणालो, कागद एकच. तेवढ्यात पहिली घंटा झाली.

"मुलीला पुढे घ्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "हिलाच विचारते."

मी मागे वळलो. चैती नव्हती.

फाटकाशी पाहिलं, नळाशी पाहिलं, गाडीशी धावलो. भिका आतून म्हणाला, "इकडं नाय आली, गुरुजी. मी उतरू का?" मी म्हणालो, "नको नको, धरून ठेव!" आणि परत धावलो. पुष्पाबाईही आता पदर खोचून माझ्याबरोबर व्हरांड्यातून चालत होत्या. खोली एक, नाही. खोली दोन, नाही. खोली तीनमध्ये, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर चैती बसली होती. आम्ही भांडत असताना तिनं फलकावरच्या यादीत आपला क्रमांक शोधला होता, खोली शोधली होती, बाक शोधला होता. प्रवेशपत्र आमच्या हातात होतं, क्रमांक तिच्या डोक्यात होता. समोर पर्यवेक्षकांनी स्वाक्षरीपट ठेवला होता आणि ती त्यावर सही करत होती, जीभ थोडी बाहेर काढून.

पुष्पाबाई आत गेल्या. त्यांनी स्वाक्षरीपट उचलला. तिच्या नावापुढे, कार्यालयातूनच छापून आलेला, तिचा फोटो होता, अख्खा, कुणी न खाल्लेला. त्यांनी फोटो बघितला, चैतीला बघितलं, आणि मग खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मला बघितलं. भोक पडलेलं प्रवेशपत्र त्यांनी तिच्या बाकावर ठेवलं.

"बस," त्या म्हणाल्या. "लिही."

मी खिडकीचे गज धरून उभा राहिलो. प्रश्नपत्रिका वाटायला सुरुवात झाली, आणि मला आठवलं की सगळ्यांत महत्त्वाचं सांगायचं राहूनच गेलं. मी खुणा करायला लागलो. आधी सगळे प्रश्न वाच. घाई करू नकोस. अवघड आलं तर सोडून पुढे जा. या तिन्ही गोष्टी दोन हातांनी खुणेत सांगायच्या म्हणजे फार हातवारे करावे लागतात. खोलीतली इतर मुलंही माझ्याकडे बघायला लागली. पर्यवेक्षक चमकून खिडकीकडे यायला निघाले.

त्यांच्या आधी चैती उठली. तिनं त्यांच्याकडे बघून हात वर केला, परवानगी घेतली, आणि खिडकीशी आली.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "बाबांचे हात दुखत असतील."

आणि तिनं खिडकीची दोन्ही दारं ओढून घेतली, आतून कडी लावली.